अकरा टंगस्टन आणि एक मोकळी जागा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र मराठीतून शिकवलं. म्हणून आज विषय निवडताना मी सोपा विषय शोधला नाही. घन पदार्थातून प्रोटॉन कसे वाहतात आणि तसे पदार्थ घडवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ एका मोठ्या रेणूतला एकच अणू का बदलतात, याविषयी मी बोलणार आहे. या अणुबदलाचा खरा फायदा सहसा जिथे शोधला जातो तिथे नाही, असं माझं मत आहे. ते का, हे सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

तुमच्यापैकी जे विज्ञान शाखेला होते, त्यांनी क्षारांचं परीक्षण केलं असेल. फॉस्फेट ओळखायचं तर परीक्षानळीत नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालायचं, नळी जराशी तापवायची, आणि पिवळाधमक साका दिसला की वहीत निष्कर्ष लिहून पुढच्या चाचणीकडे वळायचं. हा साका १८२६ मध्ये स्वीडनचे बर्झेलियस यांनी नोंदवला. त्या चिमूटभर पिवळ्या पदार्थात एका फॉस्फरसभोवती मॉलिब्डेनमचे बारा अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी बांधलेले असतात. मॉलिब्डेनमऐवजी टंगस्टन आणि अमोनियमऐवजी हायड्रोजन घेतला की फॉस्फोटंगस्टिक आम्ल तयार होतं. या कुळाला हेटरोपॉली आम्लं म्हणतात. ऊतींचे काप रंगवायला, प्रथिनांचा साका पाडायला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूची कड उठून दिसावी म्हणून ही आम्लं पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्यांची बाटली बहुतेक प्रयोगशाळांच्या फळीवर असे, पण त्या बाटलीत विजेच्या दृष्टीने काय दडलंय, हे कोणी मोजून पाहिलं नव्हतं.

या रेणूची रचना समजली ती १९३३ मध्ये. त्याआधी, १९२९ मध्ये, लायनस पॉलिंग यांनी एक रचना सुचवली होती. मध्ये चतुष्फलक, भोवती बारा अष्टफलक, आणि अष्टफलक एकमेकांना फक्त कोपऱ्यांनी जोडलेले. कल्पना सुंदर होती, पण त्यात ऑक्सिजनचे अणू प्रमाणाबाहेर होत होते. मँचेस्टरमध्ये जे. एफ. केगिन यांनी भुकटीवरच्या क्ष-किरण विवर्तनातून दाखवलं की तीन-तीन अष्टफलक आपसात कडांनी जोडले जातात, अशी चार त्रिकुटं होतात, आणि ही त्रिकुटं मग कोपऱ्यांनी जोडली जाऊन मधल्या फॉस्फेटभोवती बंद होतात. बारा टंगस्टन, चाळीस ऑक्सिजन, एक फॉस्फरस. सुमारे एक नॅनोमीटर व्यासाच्या या जवळजवळ गोल पिंजऱ्यावर तीन ऋण प्रभार असतात, आणि ते चाळीस ऑक्सिजनांवर विखुरलेले असतात. त्यामुळे कुठल्याही एका ऑक्सिजनजवळ प्रोटॉनला बांधून ठेवण्याइतकी ओढ उरत नाही. हे आम्ल इतकं तीव्र असण्याचं कारण हेच, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळही इथेच आहे.

आता प्रोटॉनकडे येऊ. हायड्रोजनच्या अणूमधला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो प्रोटॉन. इतर कुठल्याही आयनाभोवती इलेक्ट्रॉनचं थोडं तरी कवच असतं. याच्याभोवती काहीच नाही. असा उघडा कण एकटा राहू शकत नाही, जो पाण्याचा रेणू जवळ असेल त्याला तो चिकटतो. आणि तरीही पाण्यात प्रोटॉनची चलनक्षमता सोडियमच्या आयनापेक्षा सुमारे सातपट असते. याचं स्पष्टीकरण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या थिओडोर फॉन ग्रोटहस यांनी १८०६ मध्ये, विशीत असताना, पाण्याच्या विघटनाची उपपत्ती मांडली. तेव्हा प्रोटॉन कोणाला ठाऊक नव्हता, पाण्याचं रेणुसूत्रही ठरलं नव्हतं. स्लॅब ओतताना मजूर ओळीने उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, माणसं जागची हलत नाहीत आणि माल वर पोचतो, तसं हे वहन चालतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक जण आलेलं घमेलं स्वतःकडे ठेवतो आणि हातातलं आधीचं पुढे देतो. पाण्याचा रेणू आलेला प्रोटॉन स्वीकारतो, स्वतःचा दुसरा सोडतो आणि मग थोडा वळून पुन्हा तयार होतो. दुसरी रीतही आहे. तिच्यात पाण्याचा रेणू प्रोटॉनला घेऊन स्वतःच सरकतो. १९८२ मध्ये क्रॉयर, राबेनाऊ आणि वेप्नर यांनी तिला वाहन-यंत्रणा असं नाव दिलं. घन पदार्थात या दोन्ही रीती मिसळलेल्या असतात. तापमान वाढवत वाहकता मोजली आणि त्यातून सक्रियण ऊर्जा काढली, तर कोणत्या रीतीचा भाग मोठा आहे याचा अंदाज येतो. ती ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली असेल तर हातोहात देण्याचा भाग मोठा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

१९७९ मध्ये जपानमध्ये नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी फळीवरची ती बाटली विजेच्या दृष्टीने तपासली. फॉस्फोटंगस्टिक आणि फॉस्फोमॉलिब्डिक आम्लांचे, प्रत्येक रेणूमागे एकोणतीस पाणी असलेले स्फटिक त्यांनी घेतले. खोलीच्या तापमानाला वाहकता भरली सुमारे ०.१७ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं सल्फ्युरिक आम्ल याच्या चार-पाच पट वाहक असतं, पण ते द्रव आहे. हा होता हातात धरता येणारा कोरडा दिसणारा स्फटिक. घन पदार्थांमध्ये हा आकडा विलक्षण होता. एकोणतीस पाण्याच्या या स्फटिकाची रचना १९३६ पासून छापील होती. पिंजरे एका घनाकार जाळीत रचलेले असतात, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत पाण्याचं अखंड जाळं पसरलेलं असतं. वाट नकाशावर होती. तिच्यावरून काय जाऊ शकतं हा प्रश्न विचारायला त्रेचाळीस वर्षं गेली, कारण तोवर घन प्रोटॉनवाहकाची गरज फार कोणाला भासली नव्हती.

ती गरज निर्माण केली इंधन घटाने, म्हणजे फ्युएल सेलने. १८३९ मध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज काढून दाखवली. आजच्या घटात एका बाजूला हायड्रोजन येतो, प्लॅटिनमवर त्याचे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन वेगळे होतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून काम करत जातात, प्रोटॉन मधल्या पातळ पापुद्र्यातून पलीकडे जातात, आणि तिथे ऑक्सिजनशी मिळून पाणी होतं. तो पापुद्रा, म्हणजे मेंब्रेन, प्रोटॉनला वाट देणारा आणि इलेक्ट्रॉनला अडवणारा हवा. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी यानांत पॉलिमरचा मेंब्रेन वापरला गेला. पुढे ड्युपाँ कंपनीचा नाफिऑन हा फ्लोरिनयुक्त पॉलिमर आला आणि आजही मोजपट्टी तोच आहे. पण नाफिऑनमधला प्रोटॉनही पाण्यावरच चालतो. पाणी उडालं की वाहकता कोसळते. म्हणून असे घट कमी तापमानाला चालवावे लागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्या हायड्रोजन मोटारीची चाचणी झाली, तिचा घट ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला चालणारा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच सीएसआयआर आणि केपीआयटी यांची हायड्रोजन बस आली. हे काम मोलाचं आहे आणि आपल्या शहरात झालं याचा मला आनंद आहे. परंतु घट १२० अंशांना चालला तर प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइडची बाधा कमी होते, रेडिएटर लहान करता येतो आणि मेंब्रेन ओला राखण्याचा खटाटोप घटतो. त्या तापमानाला प्रोटॉन कोण नेणार?

हेटरोपॉली आम्लांकडे लोक आशेने वळले ते इथे. पिंजरा सुमारे ४०० अंशांपर्यंत टिकतो. पण पिंजरा टिकला म्हणून पाणी टिकत नाही. कोरड्या हवेत ते एकोणतीस पाण्याचे टपोरे स्फटिक पाणी सोडत पिठूळ होतात आणि रेणूमागे सहा पाणी उरतं. या सहा पाण्याच्या रूपाचं १९७७ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने परीक्षण झालं. तिथे प्रत्येक प्रोटॉन दोन पाण्यांच्या बरोबर मध्ये अडकलेला दिसला. तीन प्रोटॉन, सहा पाणी, सगळे जोडीजोडीने बांधलेले; पुढे द्यायला मोकळा हातच नाही. वाहकता शेकडो पटींनी उतरते. दुसरी अडचण याहून साधी आणि याहून वाईट. हे आम्ल पाण्यात भसाभस विरघळतं, आणि इंधन घट तर स्वतःच पाणी तयार करतो. आम्ल त्या पाण्याबरोबर वाहून जातं.

मग रसायनशास्त्रज्ञ रेणू बदलू लागले. पहिला बदल व्हॅनेडियमचा. टंगस्टनवर सहा धन प्रभार, व्हॅनेडियमवर पाच. एका टंगस्टनच्या जागी व्हॅनेडियम बसवला की पिंजऱ्यावरचा ऋण प्रभार तीनचा चार होतो आणि तो भागवायला चौथा प्रोटॉन येतो. दोन व्हॅनेडियम, पाच प्रोटॉन. हिशेब आकर्षक आहे. मूळ निर्जल आम्लात एका प्रोटॉनमागे ९६० ग्रॅम पदार्थ लागतो. नाफिऑनच्या नेहमीच्या प्रकारात सुमारे ११००. एक व्हॅनेडियम घातला की हा आकडा ६८७ वर येतो, दोन घातले की ५२३ वर. या हिशेबाच्या जोरावर अनेक शोधनिबंध लिहिले गेले, चीनमध्ये तर या संयुगांवर वर्षानुवर्षं पद्धतशीर काम झालं, आणि खोलीच्या तापमानाला चांगल्या वाहकता नोंदवल्या गेल्या.

त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण नुसती प्रोटॉनची संख्या वाढवणं हा मार्ग फार दूर नेईल असं मला वाटत नाही. एक तर प्रभार वाढला की पिंजरा प्रोटॉनला जरा घट्ट धरतो, आम्ल किंचित सौम्य होतं. दुसरं, तापवलं की व्हॅनेडियम पिंजऱ्यातून बाहेर पडू लागतो, आणि आपल्याला तर तापमानच वाढवायचं आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम इलेक्ट्रॉन सहज स्वीकारतात. या आम्लांना क्षपणकारक भेटला की ती गडद निळी होतात, कारण आत शिरलेला इलेक्ट्रॉन एका धातूकडून दुसऱ्याकडे उड्या मारत राहतो. बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी हा गुण सोन्यासारखा. पण मेंब्रेनच्या एका बाजूला प्लॅटिनम आणि हायड्रोजन असतो, म्हणजे निळं होण्याची सगळी सोय तिथे हजर. जो पदार्थ इलेक्ट्रॉनला अडवायला ठेवला त्यानेच वाट दिली, तर घट आतल्या आत गळू लागेल. म्हणून मेंब्रेनसाठी टंगस्टनच बरा, असं मी मानतो.

दुसऱ्या प्रकारच्या बदलात रसायन जास्त रंगतदार आहे. फॉस्फोटंगस्टिक आम्लाच्या द्रावणात बायकार्बोनेट घालत सामू पाचाच्या आसपास आणला, की पिंजऱ्यातला एक टंगस्टन आपला वरचा ऑक्सिजन घेऊन निघून जातो. मागे राहतात अकरा टंगस्टन आणि एक मोकळी जागा. त्या जागेच्या काठावर पाच ऑक्सिजन उघडे पडलेले असतात आणि पिंजऱ्यावर सात ऋण प्रभार. कोबाल्ट, निकेल, मँगनीज, तांबं, लोखंड यांपैकी कुठल्याही धातूचा आयन त्या द्रावणात टाकला तर तो पाच ऑक्सिजनांच्या मध्ये जाऊन बसतो आणि सहाव्या, बाहेरच्या बाजूला पाण्याचा एक रेणू धरतो. द्रावणाचा रंग डोळ्यांदेखत बदलतो. दोन प्रभारांचा धातू असेल तर पिंजऱ्यावर पाच ऋण प्रभार उरतात.

पण हाती आलेलं असतं ते पोटॅशियमचं लवण, आणि आपल्याला हवं असतं आम्ल. जुनी रीत अशी की द्रावणात तीव्र आम्ल आणि ईथर घालून हलवायचं. थोड्या वेळाने तीन थर पडतात आणि सगळ्यांत खालच्या जड, तेलकट थरात आम्ल उतरतं. व्हॅनेडियमचं संयुग हा मारा सोसतं. कोबाल्ट-निकेलची बरीचशी संयुगं इतक्या आम्लधर्मी द्रावणात मोडू लागतात, धातू बाहेर पडतो आणि पिंजरा पुन्हा बारा टंगस्टनचा होऊ पाहतो. म्हणून ती आयन-विनिमयाच्या स्तंभातून हळूहळू उतरवावी लागतात. मग बाटलीवर लिहिलेला पदार्थच बाटलीत आहे का, हे तपासणं अनिवार्य ठरतं. आत फॉस्फरस आहे ही इथे मोठी सोय आहे. त्याच्या एनएमआर वर्णपटात बारा टंगस्टनचा पिंजरा आणि अकरा टंगस्टनचा पिंजरा वेगवेगळ्या ठिकाणी रेषा देतात. आतला धातू चुंबकीय असेल तर रेषा रुंदावते आणि वाचायला कठीण जाते, तरीही ही तपासणी केल्याशिवाय वाहकतेचा आकडा छापू नये.

आकड्यांविषयी इथे थोडं थांबून बोललं पाहिजे. प्रोटॉनवाहकतेचे निबंध वाचताना मी पहिल्यांदा आर्द्रता शोधतो. पूड दाबून गोळी करायची, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावायचे आणि प्रत्यावर्ती विद्युतदाबाची वारंवारता बदलत विरोध मोजायचा, ही पद्धत सगळीकडे तीच. पण दाबताना गोळीतलं पाणी किती बाहेर पडलं, मोजताना भोवतीची हवा किती दमट होती, नमुना त्या हवेशी समतोलात येईपर्यंत वाट पाहिली का, कणांच्या सीमांवर पाण्याचा पातळ थर साचला होता का, यांवर उत्तर शंभर पटींनी इकडचं तिकडे जाऊ शकतं. ऐंशी टक्के आर्द्रतेत मोजलेला नवा पदार्थ आणि तीस टक्क्यांत मोजलेला जुना यांची तुलना करून ‘आम्ही वाहकता वाढवली’ असं म्हणणं मला पटत नाही. धातू बदलल्याने फरक पडला की रेणूमागे पाण्याची संख्या बदलल्याने, हे वेगळं करून दाखवलं तरच त्या बदलाविषयी आपण काही शिकलो.

आता विरघळून जाण्याच्या प्रश्नाकडे वळतो. सिझियमचा मोठा आयन प्रोटॉनच्या जागी घातला की लवण विरघळत नाही. टोकियोत मिसोनो आणि ओकुहारा यांनी तीनपैकी सरासरी अडीच प्रोटॉन बदलून असं लवण अभ्यासलं, आणि उत्प्रेरक म्हणून ते गाजलं. आपल्याकडे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. गणपती यादव यांनी ही आम्लं आणि त्यांची सिझियम लवणं मातीच्या छिद्रांत बसवून उत्प्रेरकाचं मोठं काम उभं केलं. वहनासाठी मात्र सिझियमचा सौदा महाग पडतो, कारण जे वाहून न्यायचं तेच आपण काढून टाकतो. सिलिकाच्या छिद्रांत आम्ल भरणं, नाफिऑनमध्ये मिसळणं, पीव्हीए या पॉलिमरच्या पापुद्र्यात अडकवणं, असे सगळे उपाय झाले. कमी-अधिक वेगाने आम्ल पाझरतंच.

आणि इथे ती मोकळी जागा नव्या अर्थाने उपयोगी पडते. अकरा टंगस्टनच्या पिंजऱ्यात धातूचा आयन बसवण्याऐवजी सिलिकॉनचे दोन अणू बसवले, आणि प्रत्येक सिलिकॉनला कार्बनची एक साखळी जोडलेली असली, तर पिंजऱ्याला दोन शेपट्या फुटतात. त्या शेपट्या पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडता येतात. मग आम्ल अडकवलेलं राहत नाही, ते पॉलिमरचाच अवयव होतं, आणि धुऊन जाण्याचा मार्गच खुंटतो. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये अँड्र्यू हेरिंग यांच्या गटाने या वाटेने वर्षानुवर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांनी सिलिकोटंगस्टिक आम्लाचा, म्हणजे मध्ये फॉस्फरसऐवजी सिलिकॉन असलेला, अकरा टंगस्टनचा पिंजरा एका फ्लोरिनयुक्त रबराला जोडून मेंब्रेन केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यात आणखी एक लाभ दिसतो. इंधन घटात पेरॉक्साइड आणि त्यापासून होणारे मूलक मेंब्रेन कुरतडतात. टंगस्टनचे हे पिंजरे त्यांचा नायनाट करतात, म्हणून मेंब्रेन जास्त टिकतो. प्रोटॉन देणारा आणि राखण करणारा एकच. सुरुवातीला मी म्हणालो की फायदा भलतीकडे शोधला जातो, तो या अर्थाने. एक टंगस्टन काढल्यावर तिथे कोणता धातू बसवला तर एखादा प्रोटॉन वाढेल, याची आपण खूप चर्चा केली. पण त्या रिकाम्या जागेचं मोठं मोल हे की तिथे या रेणूला धरता येतं.

प्रश्न संपलेले नाहीत. आम्ल पॉलिमरला जोडलं म्हणजे धुपणं थांबलं, पाण्याची गरज थांबली नाही. १२० अंशांना, कमी दमट हवेत, जोडलेल्या पिंजऱ्यांमध्ये पाण्याची अखंड वाट ठेवण्यासाठी ते एकमेकांपासून किती अंतरावर हवेत, हे जुळवणं हेच पुढचं काम आहे. शिवाय पॉलिमरचा कणा अजून फ्लोरिनयुक्तच आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी अशा फ्लोरिन संयुगांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव दिला आहे. टंगस्टनचंही पाहावं लागेल. या आम्लाच्या वजनात तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा त्याचा, आणि जगातलं बहुतांश उत्पादन चीनमध्ये. आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनचं खनिज आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. मेंब्रेनची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजतात, त्यामुळे धातू फार लागत नाही, ही दिलाशाची बाजू.

समोर बरेच पदव्युत्तर विद्यार्थी बसलेले दिसताहेत, म्हणून शेवटी त्यांच्यासाठी एक काम सांगतो. मूळ आम्ल, एक व्हॅनेडियमचं आणि अकरा टंगस्टनमध्ये निकेल बसवलेलं, अशी तीन संयुगं घ्या. चार डेसिकेटर घ्या. लिथियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण २५ अंशांना सुमारे ११ टक्के आर्द्रता राखतं, मॅग्नेशियम क्लोराइडचं ३३, साध्या मिठाचं ७५ आणि पोटॅशियम सल्फेटचं ९७. प्रत्येक नमुना प्रत्येक हवेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, उष्णताभारमापनाने रेणूमागे किती पाणी आहे ते काढा, आणि मगच वाहकता मोजा. शेवटच्या पायरीला एखादं आम्ल पाझरून ओघळू शकतं. ओघळलं तर तसं लिहा. मग वाहकतेचा आलेख आर्द्रतेविरुद्ध काढू नका, रेणूमागच्या पाण्याच्या संख्येविरुद्ध काढा. तिन्ही संयुगांच्या रेषा एकमेकींवर बसल्या तर धातूचं काम फक्त पाणी धरण्याचं आहे. वेगळ्या राहिल्या तर धातूचा स्वतःचा वाटा आहे. रसायनं आणि डेसिकेटर जिल्ह्याच्या महाविद्यालयातही मिळतात, इम्पीडन्सचं यंत्र जवळच्या विद्यापीठात वेळ मागून वापरता येतं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं. गोळी किती दाबायची आणि इलेक्ट्रोड कोणता लावायचा, हे आपण लगेच बसून ठरवू.